एसएमपीएस घेताना खोक्यावरचा आकडा नको, लेबलावरचा तक्ता वाचा

कॅबिनेटसोबत 'फुकट' मिळणाऱ्या एसएमपीएसवर (भिंतीतली वीज पीसीला हव्या त्या व्होल्टमध्ये बदलून देणाऱ्या डब्यावर) ४५० वॅट असं ठळक छापलेलं असतं. तो हातात घ्या, आडवा करा आणि बाजूचं लेबल वाचा. तिथे एक छोटा तक्ता असतो: ३.३ व्होल्ट, ५ व्होल्ट, १२ व्होल्ट, उणे १२, ५ व्होल्ट स्टँडबाय, आणि प्रत्येकाखाली अँपिअरचा आकडा. १२ व्होल्टच्या खाली १४ अँपिअर लिहिलं असेल तर तिथेच गुणाकार करा. १४ गुणिले १२ म्हणजे १६८ वॅट. आजच्या पीसीत प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही आपली जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टवरून घेतात. ५ आणि ३.३ व्होल्टवर यूएसबी, एसएसडी असली किरकोळ मंडळी असतात. थोडक्यात, तुमच्या उपयोगाचा तो एसएमपीएस १६८ वॅटचा आहे, बाकीचे वॅट लेबलची शोभा.

हेच चांगल्या ५५० वॅटच्या एसएमपीएसवर बघा. १२ व्होल्टखाली ४५ अँपिअरच्या आसपास आकडा दिसेल, म्हणजे ५४० वॅट. जवळजवळ सगळी ताकद एकाच लाइनवर. काही लेबलांवर १२ व्होल्टचे दोन रकाने असतात आणि प्रत्येकात २० किंवा २५ अँपिअर लिहिलेले असतात. त्यांची बेरीज करू नका. दोन्ही लाइन बहुतेक वेळा एकाच स्रोतावरून निघतात आणि त्यांची एकत्रित मर्यादा खाली वॅटमध्ये दिलेली असते. खरा आकडा तो.

जुन्या काळी प्रोसेसरला ५ व्होल्टवरून वीज मिळायची, त्यामुळे ५ आणि ३.३ व्होल्टचे मोठाले आकडे तेव्हा कामाचे होते. पेंटियम ४ च्या वेळी, २००० साली, प्रोसेसरसाठी १२ व्होल्टचा वेगळा चार पिनांचा कनेक्टर आला आणि सगळा भार तिकडे सरकला. स्वस्त एसएमपीएसचं डिझाइन मात्र अजून बरंचसं जुन्या वळणाचंच आहे. लेबलावर ५ व्होल्टखाली २५-३० अँपिअर आणि १२ व्होल्टखाली १४-१५ अशी उलटी पंगत दिसली की तो तिथेच परत ठेवावा.

लेबलावरून आतलं डिझाइनही ओळखता येतं. १२ व्होल्टचे वॅट एकूण वॅटच्या जवळपास असतील, तर आत आधी सगळी वीज १२ व्होल्टमध्ये बनते आणि मग तिच्यातून ५ आणि ३.३ वेगळे काढले जातात. याला डीसी-टू-डीसी म्हणतात. १२ व्होल्टचा वाटा एकूण वॅटच्या पाऊण पट किंवा त्याहूनही कमी असेल, तर बहुधा ग्रुप रेग्युलेशन: १२ आणि ५ व्होल्ट एकाच दोरीला बांधलेले. ग्राफिक्स कार्डाने १२ व्होल्टवर जोर लावला आणि ५ व्होल्टवर कोणीच नसलं की १२ खाली येतो आणि ५ वर चढतो. फक्त एसएसडीवर चालणाऱ्या गेमिंग पीसीत नेमकी हीच परिस्थिती असते.

किती वॅट लागतात

इथे लोक दोन टोकांना जातात. एक तर ४५० वॅटच्या डब्यावर ग्राफिक्स कार्ड चढवतात, नाहीतर ऑफिसच्या पीसीला ७५० वॅट लावतात. हिशोब खरं तर पाच मिनिटांचा आहे.

प्रोसेसरच्या खोक्यावरचे ६५ वॅट धरू नका. कोअर आय५-१२४०० हा ६५ वॅटचा प्रोसेसर टर्बोमध्ये, म्हणजे जोर लावून वेग वाढवताना, ११७ वॅटपर्यंत जातो. आय७-१४७००के वर १२५ लिहिलेलं असतं, तो २५३ पर्यंत चढतो. एएमडीच्या एएम५ सॉकेटवर सोपा नियम आहे: लिहिलेल्या आकड्याला १.३५ ने गुणा. ६५ चे ८८, १०५ चे १४२, १७० चे २३०. ग्राफिक्स कार्डाचा आकडा कंपनीच्या पानावर असतो: आरटीएक्स ४०६० ला ११५ वॅट, ३०६० ला १७०, ४०७० ला २००, आरएक्स ७८०० एक्सटीला २६३. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी आणि दोन-तीन पंखे मिळून ५० ते ७० धरा. जुनी हार्ड डिस्क असेल तर चालू होताना प्रत्येकी २०-२५ वॅट, नंतर ती १० च्या आत येते.

आता बेरीज. टॅली आणि ब्राउझरसाठीचा आय५-१२४००, ग्राफिक्स कार्ड नाही: ११७ अधिक ५०, म्हणजे फार तर १७०, तेही क्वचित. प्रामाणिक ४०० किंवा ४५० वॅटचा पुरून उरेल. रायझन ५ ७६०० आणि आरटीएक्स ४०६०: ८८, ११५ आणि ६०, म्हणजे २६३. इथे चांगला ५५० वॅट ब्राँझ घ्यावा (ब्राँझ, गोल्ड म्हणजे काय ते पुढे येतंय). दुकानदार ७५० गोल्ड पुढे करेल, पण त्या फरकाचे पैसे मोठ्या एसएसडीत घाला. आय७-१४७००के आणि २८५ वॅटचं आरटीएक्स ४०७० टीआय सुपर: २५३, २८५ आणि ७०, म्हणजे ६०८. इथे ८५० ला पर्याय नाही.

ग्राफिक्स कार्डाच्या खोक्यावर 'किमान ५५० वॅट' वगैरे असतं, ते बेरजेपेक्षा बरंच जास्त वाटतं. कारण कार्ड बनवणाऱ्याला तुमच्याकडे कुठला एसएमपीएस आहे ते माहीत नसतं. तो वाईटात वाईट डबा गृहीत धरूनच आकडा लिहितो.

वरच्या उदाहरणांत बेरजेवर एवढी भर का घातली, त्याचं कारण वेगळंच आहे. ग्राफिक्स कार्ड सरासरी ३२० वॅट घेत असलं तरी मिलिसेकंदाच्याही छोट्या तुकड्यात त्याच्या दुपटीच्या आसपास उडी मारू शकतं. २०२० साली आलेल्या आरटीएक्स ३०८० आणि ३०९० ने चांगल्या-चांगल्या ७५० वॅटच्या एसएमपीएसना भर गेममध्ये बंद पाडलं ते याच उड्यांनी. म्हणून २०२२ च्या एटीएक्स ३.० या एसएमपीएसच्या नियमावलीत अट आली की मोठ्या कार्डाचा नवा कनेक्टर देणाऱ्या एसएमपीएसने आपल्या क्षमतेच्या दुप्पट भार १०० मायक्रोसेकंद झेलला पाहिजे. खोक्यावर एटीएक्स ३.० किंवा ३.१ असेल तर भर थोडी कमी धरली तरी चालते. जुन्या नियमाचा असेल तर हात आखडू नका.

या बिघाडाची खूण ओळखून ठेवा. गेम चालू असताना निळा पडदा नाही, कुरबूर नाही, एकदम काळोख. कधी कधी पॉवरचं बटण दाबूनही मशीन उठत नाही. मागचा स्विच बंद करून, थोडं थांबून पुन्हा चालू केला की उठतं. ते एसएमपीएसच्या आतलं संरक्षण अडकून बसलेलं असतं. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'कर्नल-पॉवर ४१' दिसतं आणि लोक त्यावरून निदान करू लागतात. त्या नोंदीचा अर्थ एवढाच की मशीन नीट शटडाउन न होता बंद पडलं. कारण त्यात लिहिलेलं नसतं. एसएमपीएस बदलण्याआधी ग्राफिक्स कार्डाची पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणून तोच गेम तासभर चालवा. बंद पडणं थांबलं तर बोट योग्य ठिकाणी आहे.

ब्राँझ, गोल्ड आणि विजेचं बिल

८० प्लसचा बिल्ला फक्त एक गोष्ट सांगतो: भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती आत पोचते. ११५ व्होल्टच्या चाचणीत निम्म्या भाराला ब्राँझ ८५ टक्के, गोल्ड ९०, प्लॅटिनम ९२, टायटॅनियम ९४. आपल्याकडच्या २३० व्होल्टवर तोच एसएमपीएस साधारण टक्का-दोन टक्के बरा चालतो. वीज किती स्वच्छ आहे, संरक्षणं आहेत का, कपॅसिटर कसले आहेत, यातलं काहीही बिल्ला सांगत नाही.

बचतीचा हिशोब करून बघा. आत २०० वॅट लागत असतील तर ८५ टक्क्यांवर भिंतीतून २३५ वॅट जातात, ९० टक्क्यांवर २२२. फरक १३ वॅटचा. रोज चार तास म्हणजे वर्षाला साधारण १९ युनिट. युनिटला दहा रुपये धरले तर १९० रुपये. बिलासाठी गोल्ड घेण्यात अर्थ नाही. तरीही गोल्डची बाजू घेता येते, कारण कंपन्या सहसा चांगला पंखा, डीसी-टू-डीसी डिझाइन आणि सात किंवा दहा वर्षांची वॉरंटी गोल्डपासून वर देतात. पण तेही प्रत्येक मॉडेलचं वेगळं. एकाच कंपनीच्या दोन मालिका दोन वेगळ्या कारखान्यांत बनलेल्या असू शकतात. सीझनिक, सुपर फ्लॉवर, एफएसपी स्वतः बनवतात. कॉर्सेअरसारखे ब्रँड सीडब्ल्यूटी वगैरे कारखानदारांकडून बनवून घेतात. म्हणून ब्रँडच्या नावावर न जाता नेमक्या मॉडेलचं उघडून केलेलं परीक्षण शोधा. त्यात १२ व्होल्टवरचा रिपल, म्हणजे व्होल्टेजमधली बारीक थरथर, १२० मिलिव्होल्टच्या आत आहे का ते पाहा (चांगल्यांचा ५० च्या खाली असतो) आणि ओव्हरकरंट, शॉर्ट सर्किट, जास्त तापमान ही संरक्षणं प्रत्यक्ष तपासलीत का ते वाचा.

एक ओळ मात्र सगळे विसरतात: हे वॅट कुठल्या तापमानाला? ८० प्लसची चाचणी २३ अंशांवर होते. साधे एसएमपीएस ४० अंशांपर्यंत पूर्ण भार द्यायची हमी देतात, चांगले ५० पर्यंत. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात खोलीच ४० च्या वर असते, कॅबिनेटच्या आतलं तर विचारूच नका. तिकडे ५० अंशांचाच घ्यावा. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर दहा अंशांना अंदाजे निम्मं होतं, त्यामुळे १०५ अंशांचे कपॅसिटर ही जाहिरात असली तरी कामाची जाहिरात आहे.

घरातली वीज

काही स्वस्त एसएमपीएसच्या मागे लाल रंगाचा ११५/२३० चा छोटा सरकता स्विच असतो. तो दिसला की समजा, आत अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (भिंतीतून वीज सुरळीत ओढणारं सर्किट) नाही. आणि साफसफाईत तो चुकून ११५ वर सरकला आणि तुम्ही मशीन चालू केलं, तर आतल्या कपॅसिटरवर दुप्पट दाब पडतो आणि फटाक्यासारखा आवाज होतो. अ‍ॅक्टिव्ह पीएफसीवाल्याला हा स्विच लागत नाही, १०० ते २४० व्होल्ट तो स्वतःच सांभाळतो. गावाकडे संध्याकाळी व्होल्टेज १७०-१८० वर येतं तिथे तर हाच हवा.

पण तो यूपीएसच्या बाबतीत नखरे करतो. स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेल्यावर सरळ साइन वेव्ह न देता पायऱ्यापायऱ्यांची लाट देतात. काही एसएमपीएस ती चालवून घेतात, काही लाईट जाताच मशीन बंद करतात, आणि दोष यूपीएसच्या बॅटरीवर ढकलला जातो. प्युअर साइन वेव्ह असेल तर हा प्रश्न उरत नाही. यूपीएसची क्षमता एसएमपीएसच्या वॅटशी नव्हे, प्रत्यक्ष वापराशी जुळवायची. ६०० व्हीए म्हणजे बहुतेक मॉडेलांत ३६० वॅट. वरचा ४०६० चा पीसी गेममध्ये भिंतीतून ३०० च्या आसपास घेतो, मॉनिटरचे ३० वेगळे. ६०० व्हीए तिथे काठावर येतो. १००० व्हीए घ्या. घरच्या इन्व्हर्टरवर पीसी असेल तर मागचा स्विच 'यूपीएस' मोडवर ठेवा. लाईट गेल्यावर एसएमपीएस स्वतःच्या साठ्यावर पूर्ण भाराला जेमतेम १६ मिलिसेकंद तग धरतो आणि साध्या मोडमध्ये इन्व्हर्टरला यायला त्याहून जास्त वेळ लागतो.

आता कॅबिनेटला हात लावल्यावर येणाऱ्या मुंग्या. एसएमपीएस खराब आहे असं समजून लोक तो बदलतात, आणि नव्यालाही मुंग्या येतात. प्रत्येक चांगल्या एसएमपीएसच्या तोंडाशी गोंगाट गाळणारे दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजकडून आणि एक न्यूट्रलकडून बॉडीला जोडलेला. अर्थिंग नसेल तर बॉडी त्या दोघांच्या मधोमध, साधारण ११५ व्होल्टवर, तरंगत राहते. करंट अगदी थोडा असतो, पण टेस्टर लावला की दिवा मंद पेटतो आणि ओल्या पायाला मुंग्या जाणवतात. म्हणजे दोष भिंतीतल्या पॉइंटचा. मल्टिमीटरने बघा: फेज ते अर्थ २३० च्या जवळ आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्ट यायला हवेत. नसतील तर वायरमनला बोलवा. आणि पॉइंटच्या आत न्यूट्रलवरून अर्थला तुकडा जोडून देणारा वायरमन असेल तर त्याला चहा पाजून परत पाठवा. न्यूट्रल कुठे तुटला तर तुमचं आख्खं कॅबिनेट फेजवर येईल.

केबल, पिना आणि मागचं माप

ग्राफिक्स कार्डाच्या आठ पिनांच्या एका कनेक्टरमधून १५० वॅट, सहा पिनांमधून ७५ आणि स्लॉटमधून ७५ असं गणित आहे. एकाच केबलच्या टोकाला दोन कनेक्टर लोंबत असतात ते छोट्या कार्डासाठी ठीक. कार्ड २२५ वॅटच्या वर असेल आणि दोन सॉकेट असतील तर एसएमपीएसकडून दोन वेगळ्या केबल आणा. प्रोसेसरचा आठ पिनांचा कनेक्टर दिसायला तसाच असतो, पण त्यात १२ व्होल्ट आणि ग्राउंड उलट बाजूंना असतात. तो चार-चार असा फुटतो, ग्राफिक्सचा सहा-दोन असा. जोर लावून बसवावं लागतंय म्हणजे चुकीचा हातात आहे.

मोठ्या कार्डांचा सोळा पिनांचा नवा कनेक्टर ६०० वॅटपर्यंत नेतो. तो अर्धवट बसला की पिना तापून वितळतात. 'टक' आवाजावर विसंबू नका. बाजूने टॉर्च मारून फट दिसते का ते बघा. कनेक्टरपासून साडेतीन सेंटिमीटरपर्यंत केबल वाकवू नका. १२व्ही-२x६ ही त्याची सुधारलेली आवृत्ती आहे. तिच्यातल्या खुणेच्या पिना (प्लग बसला का ते कार्डाला कळवणाऱ्या) आखूड आहेत, त्यामुळे प्लग पुरता बसला नाही तर कार्ड पूर्ण वीज ओढतच नाही.

जुन्या चार पिनांच्या मोलेक्स प्लगवरून डिस्कच्या चपट्या साटा प्लगवर नेणाऱ्या स्वस्त जोडण्या, विशेषतः ज्यांचं साटाचं टोक एकसंध प्लास्टिकमध्ये ओतलेलं असतं, त्या आत शॉर्ट होऊन पेट घेतात. साटाचे कनेक्टर कमी पडत असतील तर जास्त कनेक्टरचा एसएमपीएस घ्या.

साधा एटीएक्स एसएमपीएस १५० मिलिमीटर रुंद, ८६ उंच आणि १४० किंवा जास्त लांब असतो. मॉड्युलर (केबल सुट्या काढता येणारा) असेल तर पाठीमागे केबलसाठी आणखी चार-पाच सेंटिमीटर सोडा. कंपन्यांचे जुने ऑफिस डेस्कटॉप सेकंडहँड घेऊन त्यात गेमिंग कार्ड टाकायची सध्या लाट आहे. तिथे गडबड होते. त्यांचा एसएमपीएस बहुधा १८० ते २६० वॅटचा असतो, आकार वेगळा, आणि मदरबोर्डावर चोवीस पिनांऐवजी सहा किंवा आठ पिनांचं कंपनीचं स्वतःचं सॉकेट. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेला साधा एसएमपीएस तिथे बसतच नाही. त्यात वेगळी केबल न लागणारं कार्ड टाका: ७५ वॅटचं जीटीएक्स १६५० चं बिनकनेक्टर मॉडेल किंवा ५३ वॅटचं आरएक्स ६४००.

कोकणात आणखी एक भाग असतो. दमट हवेत धूळ चिकटून वाट आवळते, आणि ऊब शोधत झुरळं आणि पाली आत शिरतात. एसएमपीएस तळाशी बसत असेल आणि खाली जाळी असेल तर पंखा खालच्या बाजूला ठेवा, जाळी दर महिन्याला झाडा. मागच्या रिकाम्या स्लॉटच्या पट्ट्या काढून टाकू नका. पाल तिथूनच येते. एसएमपीएस स्वतः उघडू मात्र नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३८०-४०० व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही वेळ टिकतात.

जुना एसएमपीएस तपासायचा असेल तर चोवीस पिनांच्या कनेक्टरमधली हिरवी वायर शेजारच्या काळ्याला जोडा, पंखा फिरेल. सगळ्या वायर काळ्या असतील तर खटक्याच्या बाजूच्या ओळीत ३.३ व्होल्टच्या टोकाकडून चौथी पिन हिरवीच्या जागेची, तेरापासून मोजलं तर सोळावी. पण एवढ्याने तो जिवंत आहे इतकंच कळतं. मशीनला जोडून, गेम चालवून, मोलेक्सच्या पिवळ्या वायरवर मल्टिमीटर धरा: ११.४ ते १२.६ च्या आत हवं. भार चढताच ११.५ कडे घसरत असेल तर त्याचे दिवस भरत आलेत.

बदलताना जुन्या मॉड्युलर एसएमपीएसच्या केबलही त्याच्यासोबत उचला. हार्ड डिस्ककडचं टोक सगळ्यांचं सारखं असतं, एसएमपीएसकडचं मात्र प्रत्येक कंपनीचं, कधी कधी एकाच कंपनीच्या दोन मालिकांचंही, वेगळं. जुनी केबल नव्यात आरामात बसते, ५ व्होल्टच्या जागी १२ जातात, आणि चालू करताक्षणी सगळ्या डिस्क एकदम जातात. दोन्ही केबल ड्रॉवरमध्ये एकत्र पडल्या की वेगळ्या ओळखता येत नाहीत, म्हणून आधीच चिकटपट्टीवर मॉडेल नंबर लिहून गुंडाळा.